प्रश्नांची कार्डं बाजूला ठेवा, नियमाला हात घाला

पत्र : मी सातवीला गणित आणि विज्ञान शिकवते. वर्गात ३९ मुलं आहेत. पटावरच्या खेळांतून शिकवावं म्हणून मी स्वतः ‘विज्ञान सापशिडी’ तयार केली. शिडीच्या घरात आलं की कार्डावरचा प्रश्न वाचायचा, उत्तर बरोबर आलं तर वर चढायचं. पहिले दोन तास मुलं खूश होती. तिसऱ्या तासाला ज्यांना उत्तरं पाठ होती तीच खेळत होती, बाकीची खिडकीबाहेर बघत होती. मग मी तीन-तीन जणांचे गट करून मुलांनाच खेळ तयार करायला सांगितलं. आठवडाभर रंगरंगोटी चालली आणि १३ पैकी ११ गटांनी तीच सापशिडी, तीच प्रश्नांची कार्डं आणली. मुख्याध्यापक विचारतात, यातून मुलं शिकली काय आणि गुण द्यायचे कशाला? माझ्याकडे उत्तर नव्हतं. हा नाद सोडून द्यावा का?
— एक शिक्षिका

उत्तर :

प्रिय बाई,

मुलं तुम्हाला याच नावाने हाक मारत असतील, म्हणून मीही तेच म्हणते. नाद सोडू नका. तुमचं जे चुकलं ते पहिल्यांदा हा प्रयोग करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचं चुकतं, माझंही चुकलं होतं. आणि ते दुरुस्त करायला नवा खर्च लागत नाही, जास्तीचे तासही फारसे लागत नाहीत.

तुमची सापशिडी समोर घ्या. कार्डांवरचे विज्ञानाचे प्रश्न काढा आणि त्यांच्या जागी इतिहासाचे प्रश्न ठेवा. खेळ बदलला का? एक सोंगटीसुद्धा वेगळी हलणार नाही. म्हणजे विज्ञान त्या खेळात नव्हतंच, ते कार्डांवर होतं आणि कार्डं खेळाला नुसती चिकटवलेली होती. मुलांनी तुमच्याकडे बघून तसंच केलं, त्यात त्यांचा दोष नाही. उजळणीसाठी असा खेळ चालतो, परीक्षेच्या आधी एखादा तास बरा जातो. पण ज्याला उत्तर येत नाही त्याला तो काहीच शिकवत नाही, फक्त मागे ठेवतो. तिसऱ्या तासाला वर्गात नेमकं हेच झालं.

जो विषय शिकवायचा तो खेळाच्या नियमात उतरला पाहिजे. नियम पाळता पाळता मुलाच्या हातून तो विषय घडला पाहिजे. याचं एक जुनं उदाहरण सांगते. एलिझाबेथ मॅगी या अमेरिकन बाईंनी १९०४ साली एका खेळाचं पेटंट घेतलं, नाव ‘द लँडलॉर्ड्स गेम’. जमिनीचं भाडं थोड्या मालकांच्या हाती कसं साचत जातं हे त्यांना लोकांना दाखवायचं होतं. त्यासाठी त्यांनी पटावर प्रश्न छापले नाहीत. भाड्याचा नियम केला आणि खेळणाऱ्याला स्वतःच्या हातातले पैसे संपताना बघू दिलं. पुढे मोनॉपॉली याच खेळातून निघाली. त्यात मॅगीबाईंचा हेतू हरवला, पण नियमाची ताकद मात्र राहिली: डाव संपेपर्यंत एक जण गब्बर होतो आणि बाकीचे कंगाल.

आता गणिताकडे येते. मुलांना कोऱ्या पुठ्ठ्यावर ‘नवा खेळ तयार करा’ म्हणू नका. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला कोरा पुठ्ठा दिला की तो आठवणीतला खेळ काढतो, मोठी माणसंही तेच करतात. त्यांना तयार खेळ द्या आणि त्यातली एकच गोष्ट बदलायला सांगा. तुमच्याकडे सापशिडीचे पट पडलेलेच आहेत. साप, शिड्या, कार्डं सगळं काढा. रिकामा पट आणि एक फासा ठेवा. मग विचारा: पहिल्या सहा घरांत एकच साप ठेवायचा आहे, जास्तीत जास्त खेळाडू त्याच्या तोंडी जावेत असं घर कोणतं?

बरीच मुलं म्हणतील सगळी घरं सारखीच, फाशावर प्रत्येक आकडा सारखाच पडतो ना! म्हणू द्या. मग मोजायला लावा. पहिल्या घरात यायचा रस्ता एकच, १ पडणे. शक्यता सहात एक. दुसऱ्या घरात थेट २ पडून येता येतं किंवा १ आणि पुन्हा १ पडून: १/६ अधिक १/३६, म्हणजे ७/३६. तिसऱ्या घराचे रस्ते मुलं बोटांवर मोजतात: ३, १ आणि २, २ आणि १, तीनदा १. बेरीज ४९/२१६. इथे कोणीतरी ओरडतं, ‘बाई, वर सात, खाली सहा!’ आणि खरंच, सहाव्या घरापर्यंत प्रत्येक वेळी आधीच्या शक्यतेला ७/६ ने गुणत जायचं. सहाव्या घराची शक्यता ३६ टक्क्यांपर्यंत पोचते, पहिल्या घराच्या दुपटीहून जास्त. सातव्या घराशी ती एकदम उतरून २५ टक्क्यांवर येते, कारण तिथे एका फेकीत पोचता येत नाही. पुढे गेल्यावर ती हेलकावे खात सातात दोनच्या आसपास स्थिरावते, कारण फाशाची सरासरी साडेतीन आहे, म्हणजे सरासरीने दर साडेतीन घरांमागे एकाच घरात सोंगटी थांबते.

अपूर्णांकांची बेरीज, गुणाकार, घातांक, सगळं येऊन गेलं आणि कोणीही ‘हे कशाला शिकायचं’ विचारलं नाही. मुलांना साप कुठे ठेवायचा ते ठरवायचं होतं. शिकण्याची गरज खेळातून आली, तुमच्या सांगण्यातून नाही.

यानंतर घोड्यांची शर्यत घ्या. हा माझा सगळ्यात आवडता खेळ, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. २ ते १२ क्रमांकांचे अकरा घोडे, प्रत्येकाला दहा घरांची रांग. दोन फासे टाकायचे, बेरीज येईल तो घोडा एक घर पुढे. प्रत्येक मुलाने आपला घोडा निवडायचा. पहिल्या डावात मुलं आवडत्या आकड्यावर जातात. दोन-तीन डावांत ७ च्या घोड्यासाठी भांडणं सुरू होतात. मग छत्तीस जोड्यांचा तक्ता मांडला जातो: ७ सहा रीतींनी पडतो, २ आणि १२ फक्त एकेका रीतीने. इथपर्यंत बहुतेक शिक्षक जातात आणि थांबतात. तुम्ही थांबू नका. खरं काम पुढे आहे. गटांना सांगा, हा खेळ अन्यायाचा आहे, कोणताही घोडा घेतला तरी जिंकायची संधी सारखी राहील असा करून आणा.

थोडी चर्चा झाली की वर्गातली हुशार मुलं एकच उपाय काढतात आणि तो फार सुंदर आहे: रांगांची लांबी बदलायची. २ ला एक घर, ३ ला दोन, असं ७ ला सहा घरं, आणि पुढे उतरत १२ ला पुन्हा एक. हिशोबाने बघितलं तर प्रत्येक घोड्याला रांग संपवायला सरासरी ३६ फेकी लागतात. फळ्यावर समसमान. मुलं आनंदाने खेळायला बसतात आणि आता २ आणि १२ जिंकत सुटतात.

वर्गातल्या त्या शांततेची वाट बघा, बाई. हिशोब बरोबर आहे, सरासरी सारखी आहे आणि तरी खेळ एकाच बाजूला झुकतो. का? शर्यत सरासरीवर जिंकली जात नाही, जो पहिला पोचतो तो जिंकतो. २ च्या घोड्याला नशिबाचा एकच झटका पुरतो. ७ च्या घोड्याला सहा वेळा तो आकडा यावा लागतो, म्हणून तो फार लवकर पोचू शकत नाही आणि फार उशीरही करत नाही. पंधरा फेकींत २ एकदा तरी पडण्याची शक्यता एक तृतीयांशाहून थोडी जास्त आहे. तेवढ्याच फेकींत ७ सहा वेळा पडण्याची शक्यता ३ टक्क्यांपेक्षाही कमी. सरासरी सारखी असली तरी पसारा वेगळा असू शकतो, हे सातवीच्या पुस्तकात नाही. पण एकदा हातून निसटलेला डाव बघितलेलं मूल ते विसरत नाही. मग दुरुस्तीचे प्रयत्न सुरू होतात. कोणी सगळ्या रांगा दुप्पट-तिप्पट लांब करतं आणि झुकाव थोडा कमी होतो. कोणी शर्यत ठरावीक फेकींनी संपवून कोणाची किती रांग पार झाली ते बघायचा नियम करतं. एकाही उपायाने काम पुरतं होत नाही आणि तेच बरं आहे, कारण त्या निमित्ताने प्रत्येक उपाय पन्नास-पन्नास डाव खेळून तपासला जातो.

विज्ञानात हेच कसं करायचं? चौकटीच्या कागदावर एक वळणावळणाचा रस्ता काढा. प्रत्येक खेळाडूची पेन्सिलची खूण म्हणजे गाडी. नियम एकच: मागच्या खेळीत जेवढी घरं आडवी आणि जेवढी उभी गेलात, तेवढीच या खेळीतही जायची. बदल करायचाच तर आडव्यात जास्तीत जास्त एक घर कमी-जास्त, उभ्यात एक. रस्त्याबाहेर गेलात तर गाडी थांबली, पुन्हा शून्यापासून सुरुवात. हा जुना कागदी खेळ आहे. न्यूटनचा पहिला नियम याहून चांगला शिकवणारं काही माझ्या हाती आजवर लागलेलं नाही. मूल सरळ रस्त्यावर वेग वाढवत जातं आणि वळण दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो. गाडी जात होती तशीच जात राहते. जडत्व हा शब्द तुम्ही नंतर सांगा, त्याची धडक आधीच बसलेली असते.

त्यातच गणितही दडलं आहे. पाच घरांचा वेग असेल तर थांबेपर्यंत गाडी ४, ३, २, १ अशी आणखी दहा घरं जाते. दहाचा वेग असेल तर ४५. वेग दुप्पट, थांबायला लागणारं अंतर चौपटीहून जास्त! रस्त्यावरच्या खऱ्या गाडीत, ब्रेकचा जोर तेवढाच धरला तर, हे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे चौपट वाढतं. आमच्या चौकटींच्या जगात साडेचारपट का येतं, हे वरच्या वर्गातल्या मुलांसाठी छान कोडं आहे. तुमच्या सातवीला एवढंच विचारा: रस्त्याचा काही भाग ‘ओला’ करायचा असेल तर कोणता नियम बदलाल? एका गटाने ‘ओल्या घरांत वेग बदलता येत नाही’ असा नियम केला होता. घर्षण म्हणजे काय हे त्या मुलांना कळलं आहे, याचा आणखी पुरावा मला नको होता.

अन्नसाखळीचा खेळ मुलं हमखास निवडतात आणि हमखास चुकवतात. त्यांच्या पहिल्या खेळात गवत सशाने खाल्लं, ससा कोल्ह्याने, कोल्हा वाघाने, आणि सगळे मणी शेवटी वाघाकडे. वाघ शेवटी सगळ्यात श्रीमंत. त्यांना एकच नियम जोडायला सांगा: खाल्लेल्या दर दहा मण्यांपैकी नऊ डब्यात परत टाकायचे, कारण ते हालचालीत, श्वासात, उष्णतेत गेले. दहा टक्के हा ढोबळ आकडा आहे, निसर्गात तो बराच कमी-जास्त होतो, तेही सांगा. मग २०० मण्यांच्या गवतातून २० सशांकडे येतात आणि दोन कोल्ह्याकडे. वाघाच्या वाट्याला काही उरतच नाही. वाघ झालेलं मूल चिडून म्हणतं, ‘हा खेळ वाघावर अन्याय करतो, मला खूप मोठं जंगल पाहिजे!’ तिथे डाव थांबवा आणि त्याचं हेच वाक्य फळ्यावर लिहा.

एक धोका मात्र डोळ्यांत तेल घालून सांभाळा. नियम शिकवतो, तसा चुकीचंही शिकवतो, आणि तेही गुपचूप. उत्क्रांतीवर मुलं हौसेने सापशिडी काढतात: खाली जिवाणू, वर मासे, मग बेडूक, माकड, शंभराव्या घरात माणूस. पट दिसतो देखणा. पण तो सांगतो की उत्क्रांती म्हणजे एकच शिडी आणि सगळे जीव माणूस होण्याच्या वाटेवर आहेत. हे खोटं आहे. शंभराव्या घरात बसलेला माणूस आणि पहिल्या घरातला जिवाणू आज एकाच वेळी आपापल्या जागी तगून आहेत. म्हणून प्रत्येक गटाला शेवटी एक प्रश्न लिहून द्यायचा: ‘आमचा खेळ निसर्गाबद्दल कुठे खोटं बोलतो?’ कोणताही खेळ थोडं खोटं बोलतोच, गाडीच्या शर्यतीतल्या चौकटीही बोलतात. कुठे ते ज्याला सांगता आलं, त्याला विषय कळला.

आता वर्ग चालवायचं. रंग कपाटात बंद करा. तिसऱ्या आवृत्तीपर्यंत पेन्सिल, कागद, बटणं, एवढंच. हे मी पोळल्यावर शिकले. एका वर्षी मी मुलांना आधी पट रंगवू दिले. एका मुलीने चार दिवस खपून ग्रहमालेचा सुरेख पट केला आणि पहिल्याच डावात कळलं की त्यात दोन खेळाडू कायमचे अडकून पडतात. अर्धा पट कापावा लागणार होता. ती रडली आणि मला तिला ‘कापून टाक’ म्हणवेना. तो खेळ तसाच बिघडलेला राहिला, आणि ती दुरुस्तीतून जे शिकली असती ते माझ्यामुळे राहून गेलं. खराब कागदावरचा खेळ मूल हसत फाडतं.

दुसऱ्या तासालाच खेळ दुसऱ्या गटाच्या हाती द्या. ज्यांनी तो तयार केला त्यांनी शेजारी बसायचं आणि एक शब्दही बोलायचा नाही. नियम लिहिलेले आहेत, खेळणारे ते वाचून खेळतील. मुलांना हे फार जड जातं. समोरचा नियम चुकीचा वाचतो आहे आणि आपण गप्प! पण ‘फासा टाकून पुढे जा’ या वाक्याचे तीन अर्थ निघतात हे तेव्हाच कळतं. आपलं लिहिणं इतरांना कसं दिसतं हे मुलांना भाषेच्या तासाला क्वचितच बघायला मिळतं.

आणि एका वेळी एकच बदल. दोन नियम एकदम बदलले आणि खेळ सुधारला तर कशामुळे सुधारला ते कोणाला सांगता येणार? प्रयोगात बाकी सगळं स्थिर ठेवून एकच गोष्ट बदलायची, हे आपण फळ्यावर दरवर्षी सांगतो आणि मुलं दरवर्षी विसरतात. स्वतःच्या खेळात ती ते मागूनच घेतात. प्रत्येक गटाची एक बदलवही ठेवा: काय दिसलं, काय बदललं, काय होईल असं वाटलं, खरंच काय झालं, किती डाव खेळून पाहिलं. गुण या वहीला द्यायचे. पटाच्या देखणेपणाला शून्य, खेळ मजेदार झाला की नाही यालाही शून्य. फसलेला खेळ असूनही वहीत कारण नीट शोधलेलं असेल तर पूर्ण गुण. हे मुलांना पहिल्या दिवशी सांगा, म्हणजे घरच्यांकडून पट करून आणायचंही थांबतं.

मुख्याध्यापकांना तोंडी उत्तर देऊ नका, दोन बदलवह्या दाखवा. विचारलंच, तर सांगा की शक्यतेचं गणित खेळाच्या पटाशेजारीच जन्मलं. पास्काल आणि फर्मा या फ्रेंच गणितज्ञांनी १६५४ साली एकमेकांना पत्रं लिहिली, ती अर्धवट मोडलेल्या डावातली रक्कम कशी वाटायची यावर. त्याआधी गॅलिलिओने तीन फाशांचा हिशोब मांडला होता. खेळणाऱ्यांना ९ पेक्षा १० थोडा जास्त पडतो असं वाटत होतं, आणि त्याने दाखवलं की २१६ पैकी ९ च्या रीती २५ आहेत, १० च्या २७. एवढा बारीक फरक खेळणाऱ्यांच्या लक्षात आला होता! तुमच्या वर्गातली मुलं तेच काम करणार आहेत.

सगळ्या धड्यांना हे लावू नका. समीकरण लिहायची रीत, एककं, सूत्रांचा सराव, यासाठी वही आणि फळाच बरा. वर्षातून दोन वेळा, प्रत्येकी सहा तास, एवढं पुरे. त्यातलाही शेवटचा तास खेळायला देऊ नका, तो बोलायला ठेवा. खेळानंतर फळ्यावर नीट मांडलं नाही तर मुलं फक्त जिंकायची युक्ती घेऊन घरी जातात. वर्गात कोणी हरण्याला घाबरणारं असेल, नेहमीच एखादं असतं, तर त्याला खेळाडू करू नका. त्याच्या हातात बदलवही आणि घड्याळ द्या. माझ्याकडच्या अशाच एका मुलाने डाव मोजता मोजता सगळ्यात आधी ओळखलं होतं की २ चा घोडा फार जिंकतो आहे.

सुरुवात त्या तेरा पटांपासूनच करा. पुढच्या तासाला कार्डं गोळा करून घ्या, साप-शिड्या झाका आणि पहिल्या सहा घरांचा प्रश्न विचारा. कोणत्या घराला किती हात वर झाले, मोजायच्या आधी आणि मोजल्यानंतर, ते मला नक्की कळवा.